बॅकलॉग म्हणजे एटीकेटी नव्हे

मागच्या अंकात मी बोलता बोलता लिहून गेले की स्क्रम (छोट्या छोट्या टप्प्यांत सॉफ्टवेअर बनवायची पद्धत) करणाऱ्या टीम्समधे जेवढी शीट्स, चार्ट आणि पानं बनतात त्यातली निम्मी कुणी उघडूनही बघत नाही. त्यावर एवढे मेल आले की या वेळी बाकी सगळे विषय बाजूला ठेवले. काही रागाचे होते (“ताई, तुम्ही कधी क्लायंट हँडल केलाय का?” हो, वीस वर्षं तेच केलंय), बरेचसे मात्र खरंच अडलेल्यांचे. बहुतेकांनी नाव छापू नका म्हटलंय, म्हणून कुणाचंच छापलेलं नाही, फक्त गावं ठेवलीत.

प्रश्न: ताई नमस्कार, हिंजवडीत एका कंपनीत तीन महिन्यांपूर्वी लागलोय. बॅकलॉग हा शब्द ऐकला की मला अजून एम-थ्रीच (इंजिनिअरिंगचा गणिताचा तिसरा पेपर) आठवतं, दोनदा राहिला होता. इथे प्रॉडक्ट बॅकलॉग वेगळा, स्प्रिंट बॅकलॉग वेगळा, वर एपिक, स्टोरी, टास्क, रिस्क शीट, आणि ट्रेनिंगमधे तर सांगितलं होतं की अजाइलमधे डॉक्युमेंटेशन नसतं. नक्की काय असतं? विचारायची लाज वाटते, मीटिंगमधे सगळे मान हलवतात. (हिंजवडी, पुणे)

उत्तर: अरे, मान हलवणाऱ्यांतल्या बऱ्याच जणांना पण माहीत नसतं, तू निदान विचारलंस.

आधी ते ‘डॉक्युमेंटेशन नसतं’ प्रकरण. अजाइल म्हणजे थोडं थोडं करून, दाखवून, सुधारत पुढे जायची विचारसरणी, स्क्रम ही त्यातलीच एक पद्धत. २००१च्या फेब्रुवारीत अमेरिकेत युटा राज्यात स्नोबर्ड नावाच्या स्की रिसॉर्टवर १७ जण जमले आणि त्यांनी अजाइल मॅनिफेस्टो लिहिला. त्यात म्हटलंय काय, तर जाडजूड डॉक्युमेंटेशनपेक्षा चालणारं सॉफ्टवेअर आम्हाला जास्त मोलाचं वाटतं. जास्त, एवढंच. दुसऱ्याला किंमत नाही असं म्हटलेलं नाही, उलट आहे असंच खाली लिहिलंय. आपल्याकडे येईपर्यंत तो ‘जास्त’ वाटेत कुठेतरी गळून पडला आणि आळशी लोकांची सोय झाली.

आता स्क्रम. केन श्वेबर आणि जेफ सदरलँड या दोघांनी स्क्रम गाइड २०१०मधे पहिल्यांदा काढलं, आत्ता चालू आहे ती नोव्हेंबर २०२०ची आवृत्ती, अवघी तेरा पानं, फुकट मिळते, कंपनीच्या बसमधे बाणेरपासून हिंजवडीला पोचेपर्यंत वाचून होईल (ट्रॅफिक धरून दोनदा होईल). त्यात तीनच गोष्टी सांगितल्यात: प्रॉडक्ट बॅकलॉग, स्प्रिंट बॅकलॉग आणि इन्क्रिमेंट. एपिक (म्हणजे खूप मोठी स्टोरी) नाही, रिस्क शीट नाही, यूजर स्टोरी (कुणाला काय आणि कशासाठी हवंय याची छोटी नोंद) नाही, स्टोरी पॉइंट (काम केवढं मोठं याचा अंदाजे आकडा) पण नाहीत. हे सगळं नंतर किंवा दुसरीकडून येऊन चिकटलंय. चिकटलंय म्हणजे वाईट असं नाही, पण स्क्रममधे कंपल्सरी आहे असं कुणी सांगितलं तर पान नंबर विचार.

प्रॉडक्ट बॅकलॉग म्हणजे त्या प्रॉडक्टमधे पुढे जे जे करायचंय त्याची एकच यादी, एकाखाली एक लावलेली, आणि ती लावायची जबाबदारी प्रॉडक्ट ओनरची (काय आधी, काय नंतर हे ठरवणारी व्यक्ती). पूर्वी गाइडमधे ही यादी ‘प्रायोरिटाइज्ड’ असते असं होतं, २०११मधे तो शब्द बदलून ‘ऑर्डर्ड’ केला. लोकांना वाटतं शब्दांचा खेळ आहे, पण तुझ्याच जिरात (कामांची तिकिटं ठेवायचं सॉफ्टवेअर) बघ, तीस तिकिटं असतील तर अठ्ठावीस ‘हाय’ असतील. ओपीडीत नंबर देतात तसं आहे हे, पाचवा नंबर एकालाच मिळतो, दोघांना नाही. स्प्रिंट बॅकलॉग ही त्या एका स्प्रिंटपुरती (स्प्रिंट म्हणजे कामाचा ठरलेला, महिनाभराचा किंवा त्याहून छोटा टप्पा), डेव्हलपर्सची स्वतःची गोष्ट: हा स्प्रिंट कशासाठी करतोय ते स्प्रिंट गोल, त्यासाठी वरून उचललेले आयटम, आणि ते कसे करणार याचा प्लॅन. गोल मधेच बदलत नाही, प्लॅन मात्र रोज बदलू शकतो, बदलावाच. आणि इन्क्रिमेंट म्हणजे कागद नाहीच, ती बनलेली, वापरता येईल अशी वस्तू.

एम-थ्रीचं म्हणशील तर राहिलेला विषय हे मागचं देणं असतं, ते फेडल्याशिवाय डिग्री नाही. प्रॉडक्ट बॅकलॉगमधलं काहीच राहिलेलं नसतं, सगळं पुढचं असतं, आणि त्यातलं बरंचसं कधीच होणार नाही आणि कुणाचं काही बिघडणार नाही. म्हणूनच काही जण ‘अनुशेष’ असं भाषांतर करतात ते मला पटत नाही, अनुशेष म्हटलं की विदर्भ-मराठवाड्याचं सिंचनच डोळ्यासमोर येतं.

प्रश्न: ताई, आमची पाच जणांची टीम आहे, गावोगावच्या दूध संस्थांसाठी सॉफ्टवेअर करतो. संस्थेचे सचिव फोनवर सांगतात ते वहीत लिहून घेतो, फॅट मशीन जोडा, मोबाईल ॲप करा, रिपोर्ट काढा. सगळंच पाहिजे असतं आणि सगळंच लगेच. दिल्यावर म्हणतात, असं नव्हतं सांगितलं. एका मित्राने सांगितलं यूजर स्टोरी लिहा. कशा लिहायच्या, एखादं आमच्यातलंच उदाहरण द्याल का? (कागल, जि. कोल्हापूर)

उत्तर: उदाहरण तुमच्याच वहीतलं घेऊ. ‘मोबाईल ॲप करा’ ही ओळ बघा, यात कुणाला हवंय ते नाही, कशाला हवंय ते तर अजिबात नाही. आता हे वाचा:

‘दूध घालणारा सभासद म्हणून मला माझ्या सकाळच्या दुधाचं लिटर, फॅट, एसएनएफ आणि लागलेला दर तिथल्या तिथे मोबाईलवर दिसायला हवा, म्हणजे दहा दिवसांनी बिल हातात आल्यावर संस्थेत जाऊन भांडायला नको.’

(एसएनएफ म्हणजे दुधातले फॅट सोडून बाकीचे घन पदार्थ.) कोण, काय, कशासाठी, झालं. हा साचा २००१च्या सुमारास लंडनच्या कॉनेक्स्ट्रा नावाच्या कंपनीतल्या टीमने वापरायला सुरुवात केली असं सांगतात, मूळ यूजर स्टोरी त्याच्याही आधीची, एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंगवाल्यांची (ती अजाइलमधलीच आणखी एक पद्धत). लोक साचा पाठ करतात आणि शेवटचा ‘म्हणजे’ वाला तुकडा कसाबसा भरतात, आणि खरी गंमत त्याच तुकड्यात असते. कारण भांडण टाळणं हा उद्देश असेल तर ॲप कशाला हवं? एसएमएस पुरेल की. निम्म्या सभासदांकडे बटणाचा फोन असेल, त्यांना ॲपचा काय उपयोग. सचिवांना ॲप पाहिजे होतं कारण शेजारच्या संस्थेने केलंय, सभासदाला पाहिजे होता आकडा. एका ओळीने तुमचं दोन महिन्यांचं काम चार दिवसांवर येऊ शकतं.

पण नुसतं कार्ड लिहून भागत नाही. त्याच एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंगवाल्यांतले रॉन जेफ्रीज यांनी स्टोरीचे तीन भाग सांगितलेत: कार्ड, गप्पा आणि खात्री. कार्ड ही फक्त बोलायची आठवण, सगळा तपशील त्यावर लिहायचा नसतो, तो बोलून काढायचा असतो, आणि बोलण्यातून जे ठरलं ते कार्डाच्या मागे अटी म्हणून उतरवायचं. तुमच्या या कार्डाच्या मागे मी काय लिहीन सांगते. गायीच्या दुधाला ३.५ फॅट, ८.५ एसएनएफ आलं तर त्या दिवशीच्या दरपत्रकातला बरोबर तोच दर मेसेजमधे यायला हवा. मशीन बंद पडलं म्हणून फॅट हाताने टाकला असेल तर तसं मेसेजमधे दिसायला हवं (इथेच निम्मी भांडणं होतात, बघा तुम्ही). गाय आणि म्हैस दोन्ही घालणाऱ्याला दोन ओळी. रेंज नसेल तर मेसेज थांबून राहील आणि रेंज आल्यावर जाईल, पण एकदाच जाईल, दोनदा नाही. चुकून दुसऱ्याच्या खात्यावर दूध चढलं आणि मागाहून दुरुस्त केलं तर दोघांनाही नवीन मेसेज. आता सचिव म्हणतील का, असं नव्हतं सांगितलं? म्हणतीलही, पण मग कार्ड पलटून दाखवता येईल.

या अटी ऑफिसात बसून सुचत नाहीत. एकदा पहाटे दूध संकलनाच्या वेळी जाऊन मापाड्याच्या शेजारी उभे रहा, मागे किटल्यांची रांग लागलेली असताना तो एका हाताने सॅम्पल घेतो आणि दुसऱ्या हाताने की-बोर्ड बडवतो ते बघा, तुमच्या स्क्रीनवर चार ड्रॉपडाऊन का चालणार नाहीत ते कुणी सांगावं लागणार नाही.

आणखी एक, मोठी स्टोरी तोडताना डेटाबेसची एक, स्क्रीनची एक, रिपोर्टची एक अशी तोडू नका, तशी तोडली की तिन्ही होईपर्यंत कुणालाच काही मिळत नाही. उभी तोडा: आधी फक्त गाय, फक्त सकाळ, आकडे हाताने टाकलेले, पण मेसेज खरोखर सभासदाच्या फोनवर. मग म्हैस, मग संध्याकाळ, मग मशीन. वहीत वरच्या आठ-दहा गोष्टी अशा बारीक ठेवा आणि खालच्या एका ओळीत मोघमच राहू द्या, त्यांच्यावर आत्ता वेळ घालवू नका. सचिवांनी ‘सगळंच पाहिजे’ म्हटलं की नाही म्हणायचं नाही, फक्त विचारायचं, होय साहेब, पण आधी कुठलं?

प्रश्न: मी स्क्रम मास्टर (टीमला स्क्रम नीट पाळायला मदत करणारी व्यक्ती) आहे. आमच्या मॅनेजरना बर्नडाउन चार्टची (रोज किती काम उरलं त्याच्या आलेखाची) रेघ सरळ खाली आलेली हवी असते. आमची रेघ सहा दिवस आडवी जाते आणि शेवटच्या दिवशी धाडकन पडते. टीमला रोज जिरा अपडेट करा सांगून सांगून तोंड दुखलं. काय करू? (ठाणे)

उत्तर: आधी माझी कबुली. बारा-तेरा वर्षांपूर्वी एका कंपनीत (नाव जाऊ दे) मी स्क्रम मास्टर होते आणि दर पंधरवड्याच्या गुरुवारी रात्री जेवणं आटपल्यावर एक्सेल उघडून बर्नडाउनचे आकडे हाताने भरायचे, कारण शुक्रवारी क्लायंटला चार्ट दाखवायचा असायचा आणि जिरातला खरा चार्ट तुमच्यासारखाच कड्यावरून उडी मारल्यासारखा दिसायचा. ४०, ३६, ३३, २८ असं करत करत खाली आणायचे, मधे एक दिवस मुद्दाम २८चे २९ करायचे, खरं वाटावं म्हणून. क्लायंटने एकदा कौतुकसुद्धा केलं. तिसऱ्या महिन्यात रिलीज चार आठवडे लांबला तेव्हा वर कुणाला कळेचना की असं झालं कसं, चार्ट तर इतके छान होते. मला कळत होतं. त्या मीटिंगमधे मी पाण्याची बाटली दोन वेळा रिकामी केली.

तेव्हा तुमची रेघ निदान खरी आहे, ती आधी जपा. आता ती काय सांगतेय बघू. आडवे दिवस, उभं उरलेलं काम. समजा दोन आठवड्यांचा स्प्रिंट, कामाचे १० दिवस, ४० पॉइंट, म्हणजे कागदावर रोज ४ उतरायला हवेत. तुमचं होतंय काय, सहाव्या दिवसापर्यंत ४०च, नवव्याला ३४, दहाव्याला एकदम ९, आणि ते ९ पुढच्या स्प्रिंटला. लोक जिरा अपडेट करत नाहीत हे एक कारण असू शकतं, पण मला नाही वाटत तेच आहे. अपडेट केलं तरी ‘डन’ काय करणार, झालेलंच काही नसेल तर? बोर्डवर जाऊन बघा, पहिल्या दिवशी पाच जणांनी पाच स्टोऱ्या उघडल्या असतील, प्रत्येकाची आपली आपली, मोठाल्या, आणि सगळ्या मिळून आठव्या दिवशी संध्याकाळी एकाच टेस्टरच्या अंगावर जाऊन पडत असतील. तिची सुट्टी कधीच मंजूर होत नसेल बहुतेक.

करून बघा असं: पुढच्या प्लॅनिंगला ठरवा की तिसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत एक तरी स्टोरी टेस्ट होऊन पूर्ण झालीच पाहिजे, मग त्यासाठी तिघांनी मिळून एकच उचलली तरी चालेल. स्टोऱ्या दोन-तीन दिवसांत होतील एवढ्या लहान करा. रेघ आपोआप पायऱ्या पायऱ्यांनी उतरायला लागेल. पायऱ्याच येणार हं, सरळ रेघ फक्त पट्टीने येते, हे मॅनेजरसाहेबांना सांगा, म्हणजे जरा गोड शब्दांत सांगा. आणि मधेच रेघ वर गेली तर घाबरून लपवू नका, वर जाणं म्हणजे कुणीतरी स्प्रिंटच्या मधे काम घुसवलंय, कोणी ते शोधा. हे वारंवार होत असेल तर बर्नडाउनऐवजी बर्नअप काढा, त्यात झालेल्या कामाची एक रेघ आणि एकूण कामाची वेगळी रेघ असते, मग टीम हळू आहे की डोंगर वाढतोय हे वेगवेगळं दिसतं. तसंही बर्नडाउन काढलाच पाहिजे अशी सक्ती स्क्रम गाइडने २०११मधेच काढून टाकली. पण चार्ट बंद करण्याआधी एकदा चौथ्या दिवशी मॅनेजरना बोर्डपाशी घेऊन जा आणि टीमलाच विचारा, हे बघून उद्या सकाळी कोण काय वेगळं करणार? त्या प्रश्नाला उत्तर येत नसेल तर मग खुशाल बंद करा.

प्रश्न: आमच्या इथे दोन टीम आहेत, एकीची वेलॉसिटी (एका स्प्रिंटमधे पूर्ण होणारे पॉइंट) ३८ आणि आमची २२. अप्रेझलमधे हाच आकडा दाखवला. हे बरोबर आहे का? (खराडी, पुणे)

उत्तर: नाही. पॉइंट हे माप प्रत्येक टीमचं घरचं असतं, तुमच्या आजीची वाटी आणि त्यांच्या आजीची वाटी एक नसते. पुढच्या स्प्रिंटला तुम्ही एरवी आठचं असतं ते तेरा म्हणायला लागलात की तुमचीही ३८च्या जवळ जाईल, काम तेवढंच. पॉइंट आपणच शोधून काढले असावेत असं म्हणणारे रॉन जेफ्रीज यांनीच नंतर त्याबद्दल वाईट वाटतं असं लिहिलंय, यापेक्षा मोठा साक्षीदार मी कुठून आणू.

प्रश्न: मॅडम, मी २७ वर्षं प्रोजेक्ट मॅनेजमेंट करतोय, पीएमपी (प्रोजेक्ट मॅनेजमेंटचं सर्टिफिकेट) आहे. सध्या सरकारी टेंडरचं काम आहे. टेंडरमधे ‘अजाइल पद्धतीने काम करावे’ असंही लिहिलंय आणि पहिल्या दोन महिन्यांत एसआरएसवर (सॉफ्टवेअरच्या मागण्यांचं डॉक्युमेंट) सह्या घ्याव्यात, गँट चार्ट (कुठलं काम कधीपासून कधीपर्यंत याचा तक्ता) सादर करावा असंही. मुलं म्हणतात स्क्रममधे गँट नसतो. साहेब म्हणतात तारीख सांगा. मधल्यामधे मी. (नागपूर)

उत्तर: तुमच्याबद्दल मला खरंच सहानुभूती आहे, आणि मुलांची बाजू मी पूर्ण घेणार नाही. टेंडरमधे एसआरएस असेल तर एसआरएस द्या, त्याच्यावर बिल निघतं. वाद घालायची जागा ती नाही. फक्त त्यात प्रत्येक मागणीला नंबर द्या आणि ती मागणी काय आहे एवढ्यावरच सही घ्या, स्क्रीनवर कुठलं बटण कुठे हे त्यात कोंबू नका. मग बॅकलॉगमधल्या प्रत्येक आयटमला एक कॉलम जोडा, ‘एसआरएस कलम क्रमांक’. ऑडिटवाले आले की तो कॉलम फिल्टर करून ट्रेसेबिलिटी मॅट्रिक्स (कुठली मागणी कुठल्या कामात आली त्याचा तक्ता) म्हणून पुढे ठेवा, वेगळं शीट सांभाळायची गरज नाही. वेगळं ठेवलंत तर पंधरा दिवसांत दोन्ही एकमेकांशी खोटं बोलायला लागतात.

हे काही मी नवीन सांगत नाहीये. अमेरिकेच्या एफबीआयने तपासाच्या फायली कॉम्प्युटरवर आणायला ‘व्हर्च्युअल केस फाइल’ नावाचं सॉफ्टवेअर करायला घेतलं आणि १७ कोटी डॉलर घालवून २००५मधे सोडून दिलं. मग २००६मधे ‘सेंटिनेल’ सुरू केलं, मोठं कंत्राट, टप्पे ठरलेले, ४५ कोटी डॉलरच्या आसपासचं बजेट, आणि २०१०पर्यंत तेही रुतलं. तेव्हा त्यांनी काम स्वतःच्या हातात घेतलं, टीम लहान केली, दोन-दोन आठवड्यांचे स्प्रिंट लावले. जुन्या मागण्यांचं डॉक्युमेंट फेकलं नाही, त्याच मागण्यांच्या स्टोऱ्या करून बॅकलॉगमधे लावल्या. जुलै २०१२मधे सिस्टिम सगळीकडे चालू झाली. आता लगेच जादू झाली असं समजू नका, त्यांनी आधी सप्टेंबर २०११ म्हटलं होतं. पण उशीर होतोय हे दर दोन आठवड्यांनी दिसत होतं, चार वर्षांनी नाही.

आता तारीख. गँट चार्टच्या जागी रिलीज प्लॅन ठेवा आणि तो तुमच्या खऱ्या वेगावरून काढा. समजा बॅकलॉगमधे पहिल्या रिलीजचे १८० पॉइंट उरलेत आणि मागच्या पाच स्प्रिंटमधे तुमचे २१, २६, १९, २४, २३ झालेत. चांगल्यात चांगला वेग २६ धरला तर ७ स्प्रिंट लागतील, वाईटात वाईट १९ धरला तर १०. दोन आठवड्यांचा स्प्रिंट, म्हणजे १४ ते २० आठवडे. साहेबांना ही रेंज सांगा आणि दर स्प्रिंटनंतर नवीन सांगा, हळूहळू ती आवळत जाते. साहेब एकच तारीख मागणार हे मला माहितीये, मागितली की लांबचीच द्या, आणि शेजारी विसाव्या आठवड्यापर्यंत नक्की काय काय होईल त्याची यादी द्या, वरून खाली लावलेली. म्हणजे वेळ कमी पडली तर कात्री कुठून लागणार ते आधीच ठरलेलं. गँटचं चित्र सादर करायचंच असेल तर त्या यादीवरून एक काढून द्या, भिंतीवर लावायला बरं असतं.

प्रश्न: मी टेस्टर आहे. डेव्हलपर म्हणतात ‘माझ्याकडून झालं’, मी म्हणते झालेलं नाही, स्क्रम मास्टर म्हणतो डेफिनेशन ऑफ डन बघा, ती कॉन्फ्लुअन्सवर (टीमची डॉक्युमेंट्स ठेवायचं सॉफ्टवेअर) कुठेतरी आहे, ॲक्सेप्टन्स क्रायटेरिया पण आहेत. दोन्ही एकच ना? (नाशिक)

उत्तर: एक नाहीत गं. वर कागलकरांना लिहिलेल्या अटी, गाय-म्हैस दोन ओळी वगैरे, त्या फक्त त्याच स्टोरीच्या, म्हणजे ॲक्सेप्टन्स क्रायटेरिया. डेफिनेशन ऑफ डन सगळ्या स्टोऱ्यांना सारखीच लागू: दुसऱ्याने कोड वाचलाय, टेस्ट सर्व्हरवर चढलंय, ऑटोमेशन हिरवं आहे, मराठी फॉन्ट तुटत नाहीये, जे तुमच्यात ठरलं असेल ते. त्यात न बसणारी गोष्ट रिव्ह्यूमधे (स्प्रिंटच्या शेवटी काम दाखवायची मीटिंग) दाखवायची नाही, ती परत प्रॉडक्ट बॅकलॉगमधे जाते. २०२०च्या गाइडने तर या डेफिनेशनला इन्क्रिमेंटची बांधिलकीच म्हटलंय, जशी प्रॉडक्ट बॅकलॉगला प्रॉडक्ट गोलची आणि स्प्रिंट बॅकलॉगला स्प्रिंट गोलची. ‘कुठेतरी आहे’ हाच तुमचा प्रॉब्लेम. ती सहा-सात ओळींची प्रिंट काढून बोर्डशेजारी चिकटव, आणि ‘माझ्याकडून झालं’ म्हणणाऱ्याला तिथे उभं करून एकेक ओळ मोठ्याने वाचायला लाव. एकदाच करायला लागतं.

प्रश्न: आमची निम्मी टीम इथे टोरंटोत आणि निम्मी पुण्यात. रेट्रोस्पेक्टिव्ह (स्प्रिंट संपल्यावर काय सुधारायचं ते बोलायची मीटिंग) दर वेळी होतो, बोर्डवर पिवळ्या चिठ्ठ्या लागतात, पुढच्या वेळी परत त्याच. कंटाळा आलाय. (टोरंटो)

उत्तर: चिठ्ठ्यांचे फोटो काढून एका फोल्डरमधे ठेवता ना? त्या फोल्डरमधे कुणी जात नाही. त्यातली एकच चिठ्ठी निवडा आणि पुढच्या स्प्रिंट बॅकलॉगमधे आयटम म्हणून टाका, नाव आणि ‘झालं कधी म्हणायचं’ यासकट. २०१७च्या गाइडमधे निदान एक सुधारणा अशी घ्यायचीच असं होतं, २०२०मधे ते ऐच्छिक झालं, मी अजून जुनंच पाळते. पुण्याकडच्यांना रात्रीचे साडेनऊ-दहा वाजलेले असतात तुमच्या रेट्रोला, हे चिठ्ठीवर कधी आलंय का? येणार नाही, संकोचाने. आधी ते विचारा, वेळ आलटून पालटून ठेवा.

प्रश्न: ताई, या सगळ्याचं एक रेडीमेड एक्सेल टेम्प्लेट मिळेल का? (सांगली, सोलापूर, चिंचवड आणि इतर अकरा जण)

उत्तर: नाही पाठवणार. रिकामं शीट घ्या, एका ओळीत एक काम, कॉलम चारच: काय, कोणासाठी, झालं कधी म्हणायचं, अंदाजे केवढं. ओळींचा क्रम हाच क्रम, ‘हाय-मीडियम-लो’ चा कॉलम टाकायचा नाही. पाचवा कॉलम हवासा वाटला की दोन स्प्रिंट थांबा, तरीही हवासा वाटला तर टाका. आणि रंग भरू नका हो, मागच्या वर्षी एकाने मला नऊ रंगांचं बॅकलॉग शीट पाठवलं होतं, लिंबू रंगाचा अर्थ काय विचारलं तर म्हणाला, तो आधीच्या लीडने केला होता, तो सोडून गेला.